राऊटरच्या ॲडमिन लॉगिनवर रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज: आधी काय करायचं, मग काय

आलेला प्रश्न थोडक्यात असा. मायक्रोटिक कंपनीचा राऊटर थेट पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरून कोणालाही गाठता येईल अशा पत्त्यावर, आहे. लॉग उघडला की दर काही सेकंदांनी एकच ओळ दिसते: ‘लॉगिन फेल्युअर फॉर यूझर रूट फ्रॉम २०३.०.११३.४५ व्हाया एसएसएच’. पत्ता बदलतो, ओळ तीच. पासवर्ड बारा अक्षरांचा आहे, एसएसएच (दुरून लॉगिन करून कमांड द्यायची सेवा) पोर्ट २२ या क्रमांकावरून २२२२ वर नेलं आहे, आणि लागोपाठ प्रयत्न करणाऱ्या पत्त्याला दहा दिवस अडवणारे फायरवॉलचे नियम लावले आहेत. ओळी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. नियम आणखी कडक करावेत का?

नको. नियम कितीही कडक केलेत तरी मूळ अडचण तिथेच राहते. जगातल्या कुठल्याही मशीनला तुमच्या राऊटरच्या लॉगिनपर्यंत पोचता येतंय, आणि आधी ते बंद व्हायला हवं. चुकलेले प्रयत्न मोजणं त्यानंतरचं काम आहे, आणि पोचणं नीट बंद झालं तर त्याची गरजही फारशी उरत नाही.

लॉगमधल्या त्या ओळीतला यूझर बघा: रूट. मायक्रोटिकवर रूट नावाचा यूझर मुळात नसतोच, कारखान्यातून येतो तो ॲडमिन. म्हणजे समोरच्या बॉटला, आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमचा राऊटर कुठल्या कंपनीचा आहे हेसुद्धा माहीत नाही. तो दिसेल त्या पत्त्यावर एक ठरलेली यादी चालवत सुटला आहे. २०१६ साली मिराई या बॉटनेटने, म्हणजे फोडलेल्या उपकरणांच्या टोळीने, हेच केलं. टेलनेट या दुरून लॉगिनच्या जुन्या सेवेच्या २३ आणि २३२३ या पोर्टवर, कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या आलटूनपालटून वापरून बघायच्या, बस्स. तेवढ्या भांडवलावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर त्याच्या हाती लागले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर त्यांचा मारा झाला तेव्हा अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडत नव्हत्या. तुमच्यावर कोणी डूख धरून बसलेलं नाही, हे समजून घ्या. अंदाजपंचे दाहोदर्से चाललंय, पण ते चोवीस तास चाललंय आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

म्हणूनच पोर्ट बदलल्याने फार काही साधत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन आणलं. एक गिगाबिटच्या जोडणीवरून ते अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एक पोर्ट पाऊण तासात तपासू शकत होतं. २२२२ तर बॉटच्या यादीत हमखास असतो. पोर्ट बदलल्यावर लॉगमधली गर्दी कमी होते, तेवढा फायदा घ्या. त्याला सुरक्षा समजू नका.

आता अडवण्याच्या नियमाचा हिशेब मांडू, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकते. सिस्कोच्या राऊटरवर ‘लॉगिन ब्लॉक-फॉर १२० अटेम्प्ट्स ३ विदिन ६०’ अशी कमांड असते: साठ सेकंदांत तीनदा चुकलं की एकशेवीस सेकंद लॉगिन बंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे अशा साधारण ७२० फेऱ्या, प्रत्येकीत तीन अंदाज. एकूण दिवसाला २,१६०. सर्वाधिक वापरले जाणारे दहा हजार पासवर्ड या गतीने पाच दिवसांच्या आत संपतात. तुमच्या नियमासारखा प्रत्येक पत्ता वेगळा मोजला, तर हल्लेखोराकडे हजारो पत्ते असल्यावर प्रत्येकाने दोन-दोनच अंदाज करून थांबलं तरी काम भागतं. उलट बाजू बघा. छोटी अक्षरं आणि अंक मिळून ३६ चिन्हं, त्यातून खरोखर यादृच्छिक निवडलेला बारा अक्षरांचा पासवर्ड घेतला आणि सेकंदाला हजार अंदाज केले, तरी सगळे संपायला पंधरा कोटी वर्षं लागतात. पासवर्ड कमजोर असेल तर कुलूपबंदी त्याला वाचवत नाही, आणि तो यादृच्छिक असेल तर कुलूपबंदीवाचून काही अडत नाही. मधल्या थोड्या पट्ट्यात ती उपयोगी आहे, एवढंच.

तुमचा पासवर्ड बारा अक्षरांचा आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तो मशीनने तयार केलाय की तुम्ही सुचवलाय, हे लिहिलं नाहीत. संस्थेचं नाव, ॲटची खूण आणि चालू वर्ष मिळूनही बारा अक्षरं सहज होतात, आणि असे साचे हल्लेखोरांच्या यादीत असतात. पासवर्ड मॅनेजरकडून वीस अक्षरांचा बनवून घ्या, प्रत्येक राऊटरला वेगळा, आणि तो लक्षात ठेवायचा प्रयत्नही करू नका. ॲडमिन हे नाव ठेवू नका. आधी स्वतःच्या नावाचा पूर्ण अधिकारांचा यूझर बनवा, त्याने लॉगिन होतंय हे बघा, मगच ॲडमिन काढा.

पासवर्ड असा भक्कम असेल तर दार उघडं राहिलं म्हणून काय बिघडलं, असं कोणी विचारेल. बिघडतं. २०१८ मध्ये मायक्रोटिकचा राऊटर चालवायच्या विनबॉक्स सेवेत, म्हणजे पोर्ट ८२९१ वर, एक भोक सापडलं. लॉगिन न करताच राऊटरमधली यूझरची फाइल बाहेर वाचता येत होती आणि तिच्यातून पासवर्ड काढता येत होते. वीस अक्षरांचा असो की चार, अंदाजाचा प्रश्नच उरला नाही. पण ज्यांचा ८२९१ बाहेरच्या जगाला दिसत नव्हता, त्यांना बाहेरून कोणी हात लावू शकलं नाही. कंपनीने दुरुस्ती लगेच दिली, तरी २०२१ मध्ये मेरिस नावाच्या बॉटनेटने मोठमोठे मारे केले तेव्हा कंपनीने सांगितलं की हे बहुतेक राऊटर २०१८ मध्येच फोडले गेलेले आहेत. लोकांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं, पासवर्ड मात्र तोच ठेवला. भोक बुजलं, किल्ली चोराकडेच राहिली.

आता प्रत्यक्ष काम. राऊटरच्या स्वतःच्या पत्त्यावर येणारी पॅकेट फायरवॉलच्या इनपुट साखळीत येतात. फॉरवर्ड साखळी फक्त राऊटरमधून आरपार जाणाऱ्या वाहतुकीसाठी असते. लॉगिन अडवायचे नियम फॉरवर्डमध्ये लिहून निर्धास्त झालेले लोक मी अनेकदा पाहिलेत. इनपुटमध्ये क्रम असा ठेवा: आधीच जुळलेल्या जोडण्यांना परवानगी, मग आयसीएमपी (पिंगसारखे तपासणीचे निरोप), मग व्हीपीएनचा (बाहेरून आत यायच्या सुरक्षित बोगद्याचा) पोर्ट, मग विश्वासातल्या पत्त्यांची यादी, आणि शेवटी वॅनकडून (इंटरनेटच्या बाजूने) येणारं बाकी सगळं ड्रॉप. मायक्रोटिकच्या घरगुती मॉडेलवर कारखान्यातून जवळपास असेच नियम येतात. कोऱ्या कॉन्फिगपासून सुरुवात केली की ते पुसले जातात. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिने मला एकदा अख्खी दुपार खायला लावली होती. इंटरनेट पीपीपीओईवरून (नाव-पासवर्ड देऊन जोडणी करायच्या पद्धतीने) येत असेल, तर पॅकेट ‘ईथर१’ वरून (केबलच्या पोर्टवरून) आलेलं मानलं जात नाही, ते ‘पीपीपीओई-आउट१’ वरून आलेलं असतं. ड्रॉपचा नियम ईथर१ वर लिहिला असेल तर तो दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि त्याला एकही पॅकेट लागत नाही. म्हणून नियम लिहिल्यावर त्याच्या शेजारचा पॅकेटचा आकडा बघायची सवय लावा. पब्लिक पत्त्यावर तो मिनिटाभरात वाढायला लागतो. शून्यावर बसला असेल, तर नियम चुकीच्या इंटरफेसवर आहे किंवा त्याच्या वरचा कुठला तरी नियम सगळं आत सोडतोय.

त्यानंतर आयपी-सर्व्हिसेसमध्ये जा. टेलनेट, एफटीपी, साधं वेब आणि एपीआय (प्रोग्रॅममधून राऊटर चालवायची सोय) बंद करा. एपीआयचा पोर्ट ८७२८ लोक हमखास विसरतात, आणि तिथेही तोच ॲडमिन पासवर्ड चालतो. जे उरेल त्याच्या ‘अव्हेलेबल फ्रॉम’ या रकान्यात फक्त तुमच्या व्यवस्थापनाचं नेटवर्क लिहा. फायरवॉलमध्ये पुढे कधी चूक झाली तर ही दुसरी भिंत उभी असते. यूझरच्या नोंदीतही ‘अलाउड ॲड्रेस’ असतो. तो भरला तर पासवर्ड फुटला तरी भलतीकडून लॉगिन होत नाही.

बाहेरून काम करावं लागतं, त्याची सोय वायरगार्ड या व्हीपीएनने करा. मायक्रोटिकच्या राऊटरओएस या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीपासून ते आत आहे. ते मला आवडतं त्याचं कारण अगदी या विषयातलं आहे: पॅकेटमागे योग्य किल्ली नसेल तर वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही. नकारसुद्धा देत नाही. पोर्ट तपासणाऱ्याला तिथे काही चालू आहे हे कळायला मार्ग नाही, आणि ताडून बघायला पासवर्ड नाही, २५६ बिटांची किल्ली आहे. एकदा बोगदा जमला की विनबॉक्स आणि एसएसएच दोन्ही फक्त त्या आतल्या पत्त्यावरून उघडा.

एसएसएचला किल्लीनेच लॉगिन करा. मायक्रोटिकवर एखाद्या यूझरसाठी पब्लिक की आयात केली की, सेटिंग बदललेली नसेल तर, त्या यूझरचं एसएसएचवरचं पासवर्ड लॉगिन बंद होतं. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. विनबॉक्स आणि वेबवर त्याच यूझरचा पासवर्ड चालूच राहतो. दाराला नवं कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवल्यासारखं होतं ते.

हे सगळं दूर बसून करत असाल तर आधी स्वतःला सांभाळा. मायक्रोटिकवर टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड चालू करा. जोडणी तुटली तर बदल आपोआप मागे जातात. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट, सेव्ह न केलेले बदल गेले) देऊन काम सुरू करा, सगळं ठीक झाल्यावर ‘रीलोड कॅन्सल’ करा आणि मगच कॉन्फिग सेव्ह करा. ज्युनिपरवर याच कामासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. हे न करता फायरवॉलला हात लावू नका, विशेषतः राऊटर दुसऱ्या गावी असेल तर.

काही ठिकाणी एसएसएच बाहेर उघडं ठेवावंच लागतं. तिथे तुम्ही लावलेत तसे पायऱ्यांचे नियम चालतात, पण ते कसे चालतात ते समजून घ्या. पहिली नवीन जोडणी आली की पत्ता पहिल्या यादीत मिनिटभर जातो. त्या मिनिटात दुसरी आली की दुसऱ्या यादीत, मग तिसऱ्या, आणि चौथीला दहा दिवसांसाठी काळ्या यादीत. नियम मात्र उलट्या क्रमाने लिहावे लागतात: सगळ्यात वर काळ्या यादीचा ड्रॉप, मग तिसरी पायरी, मग दुसरी, मग पहिली. यादीत नाव घालणारा नियम पॅकेटला थांबवत नाही, ते खालच्या नियमांकडे जातच राहतं. सरळ क्रमाने लिहिलंत तर एकच पॅकेट एका दमात सगळ्या पायऱ्या चढून काळ्या यादीत पोचतं.

आणि हे नियम चुकलेले पासवर्ड मोजत नाहीत, ते नवीन जोडण्या मोजतात. याचे दोन परिणाम होतात. एका जोडणीत हल्लेखोर एकापेक्षा जास्त अंदाज करू शकतो, ते या मोजणीत येत नाहीत. दुसरा परिणाम जास्त गंभीर: मोजणी टीसीपीच्या पहिल्याच पॅकेटवर होते, समोरचा खरा आहे की नाही हे ठरायच्या आधी. कोणी तुमच्या ऑफिसचा पत्ता खोटा लावून चार पॅकेट पाठवली, तर काळ्या यादीत तुमचं ऑफिस जातं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझ्या बाबतीत हल्लेखोराचीही गरज पडली नाही. एका दूरच्या जागी मी हेच नियम लावले. आमची देखरेखीची यंत्रणा राऊटर जिवंत आहे का हे बघायला दर वीस सेकंदांनी त्याच्या एसएसएच पोर्टवर जोडणी उघडून बंद करायची. चार जोडण्या म्हणजे एक मिनिट. देखरेखीचा सर्व्हर आणि आम्ही सगळे एकाच पब्लिक पत्त्यामागे होतो. मिनिटभरात आमचं अख्खं ऑफिस दहा दिवसांसाठी बाहेर. त्या जागी माणूस पाठवून आतल्या बाजूने लॉगिन करून यादीतून आमचा पत्ता काढावा लागला. तेव्हापासून विश्वासातल्या पत्त्यांना परवानगी देणारा नियम काळ्या यादीच्याही वर असल्याशिवाय मी पुढचा नियम लिहीत नाही. सिस्कोवरही हेच आहे. ब्लॉक-फॉर लागू झालं की ते सगळ्यांसाठी लॉगिन बंद करतं, तुमच्यासकट. ‘लॉगिन क्वाएट-मोड ॲक्सेस-क्लास’ देऊन स्वतःचे पत्ते वगळले नाहीत, तर बाहेरचा कोणीही दर दोन मिनिटांनी तीन चुकीचे पासवर्ड टाकून तुम्हाला कायमचं बाहेर ठेवू शकतो. व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिन येतं तिथे) ॲक्सेस-क्लास (परवानगीच्या पत्त्यांची यादी) आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ आधी लावा, ब्लॉक-फॉर त्यानंतर.

सिस्कोचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कॉन्फिगमध्ये पासवर्ड वेगवेगळ्या ‘टाइप’ च्या पद्धतींनी झाकून लिहिलेले असतात. ‘टाइप ७’ चा पासवर्ड दिसला की तो उघडाच आहे असं समजा. तो उलटा फिरवून मूळ पासवर्ड काढणारी साधनं कित्येक वर्षं फुकट मिळतात. ‘टाइप ५’ जुन्या एमडी५ वर आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला सल्ला टाइप ८ चा आहे. कॉन्फिगचा बॅकअप मेलवर फिरवला जातो तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं, कारण फाइल हातात आल्यावर अंदाज राऊटरवर करायचेच नसतात आणि कुठलंही ब्लॉक-फॉर तिथे आड येत नाही.

एसएनएमपीबद्दल (राऊटरची माहिती दुरून वाचायच्या-बदलायच्या पद्धतीबद्दल) कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आवृत्ती १ आणि २सी मधली कम्युनिटी स्ट्रिंग म्हणजे पासवर्डच आहे, आणि लिहिण्याचा अधिकार असलेली स्ट्रिंग म्हणजे जवळपास ॲडमिनचा पासवर्ड. ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हे शब्द प्रत्येक बॉटच्या यादीत पहिले असतात. चुकीचे अंदाज लॉगिनच्या मोजणीत धरले जात नाहीत. लिहिण्याची स्ट्रिंग काढून टाका, वाचायला आवृत्ती ३ वापरा, आणि तीही फक्त देखरेखीच्या सर्व्हरकडून.

आतल्या बाजूकडेही बघा. तुमच्या नेटवर्कमधल्या कोणी एखादं वाईट वेबपान उघडलं, तर त्यातली स्क्रिप्ट त्याच्याच ब्राउझरमधून राऊटरच्या आतल्या पत्त्यावर पासवर्ड घालून बघू शकते आणि लागला तर डीएनएस बदलू शकते. हे होऊ शकतं हे संशोधकांनी २००७ सालीच दाखवून दिलं होतं. वॅनचा दरवाजा बंद असला तरी हा मार्ग उघडा असतो. त्यामुळे घरच्या राऊटरवर ‘रिमोट मॅनेजमेंट बंद आहे ना, मग पासवर्ड कारखान्याचाच राहू दे’ हे चालत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच ठरीव पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी आणली आहे. जुन्या उपकरणांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, ते तुम्हालाच बदलावे लागतात. ऑफिसमध्ये व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (आतल्या नेटवर्कचा वेगळा कप्पा) ठेवा आणि पाहुण्यांच्या वायफायवरून राऊटरचं लॉगिन पान उघडतं का ते स्वतः करून बघा.

राऊटर पाच-सहाच्या वर गेले की प्रत्येकावर वेगळे यूझर सांभाळणं जमत नाही आणि सगळे एकच पासवर्ड वापरायला लागतात. तिथे रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारा सर्व्हर) आणा, प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं खातं द्या. कोणी सोडून गेलं की एका ठिकाणी बंद केलं की झालं. एक स्थानिक खातं अडीअडचणीसाठी ठेवा, त्याचा लांबलचक पासवर्ड पाकिटात बंद करून. सिस्कोवर ‘ग्रुप टॅकॅक्स प्लस लोकल’ असा क्रम दिला की स्थानिक खातं सर्व्हर गाठता आला नाही तरच वापरलं जातं. सर्व्हरने नकार दिला तर नाही.

लॉगमध्ये काय शोधायचं? चुकलेल्या ओळी मोजण्यात वेळ घालवू नका. बऱ्याच चुकलेल्या ओळींनंतर आलेली एक यशस्वी ओळ शोधा, आणि तुमच्यापैकी कोणीच कामावर नसताना झालेलं लॉगिन शोधा. लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा, कारण आत शिरलेला पहिला हात राऊटरवरच्या लॉगलाच लावतो. आणि एनटीपी (घड्याळ बरोबर ठेवायची सोय) चालू ठेवा, नाहीतर वेळा जुळत नाहीत. लॉग जपूनही ठेवा. घाईत एखादा यूझरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतो, आणि ‘लॉगिन फेल्युअर फॉर यूझर’ च्या पुढे तो पासवर्ड जसाच्या तसा छापला जातो. असं दिसलं की तो पासवर्ड त्याच दिवशी बदला.

तुमच्या राऊटरवर इतके दिवस दार उघडं होतं, तेव्हा आधीच कोणी आत येऊन गेलं नाही ना हेही तपासा. सिस्टिम-शेड्युलरमध्ये तुम्ही न लिहिलेली, फेच करून काही तरी आणणारी कामं, आयपी-सॉक्स (दुसऱ्यांची वाहतूक तुमच्यामार्फत फिरवणारी सोय) चालू असणं, अनोळखी यूझर, तुम्ही न बनवलेला एल२टीपी (व्हीपीएनचा एक प्रकार) क्लायंट, बदललेले डीएनएस सर्व्हर, इनपुटमध्ये सगळ्यात वर बसलेला परवानगीचा परका नियम. यातलं एकही सापडलं तर साफसफाई करत बसू नका. नेटइन्स्टॉल या मायक्रोटिकच्या साधनाने नवं सॉफ्टवेअर घाला, कॉन्फिग टेक्स्टमधून वाचून-समजून परत भरा, बायनरी बॅकअप लावू नका, आणि त्या राऊटरमध्ये होते ते सगळे पासवर्ड बदला: पीपीपीओई, वायफाय, व्हीपीएन, सगळे.

सगळं झाल्यावर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तुमच्या पब्लिक पत्त्यावर २२, २२२२, ८०, ८२९१ आणि ८७२८ उघडतात का बघा. मग हेच आयपीव्ही६ च्या पत्त्यावर करा. मायक्रोटिकवर आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळी असते, आयपीव्ही४ मध्ये लिहिलेला एकही नियम तिला लागू होत नाही, आणि ती रिकामी असेल तर वर केलेलं सगळं त्या बाजूने जणू झालंच नाही. तिथे पायऱ्यांचे नियम लावणार असाल तर एकेक पत्ता मोजू नका, /६४ चा गट (पहिले ६४ बिट सारखे असलेले सगळे पत्ते) धरा. एका साध्या जोडणीलाही किमान तेवढा गट मिळतो, आणि हल्लेखोर प्रत्येक अंदाजाला त्यातला नवा पत्ता वापरू शकतो.